स्टॉक स्प्रिंगवर कॅम्बर प्लेट: ११ महिने, ९,००० मैल आणि उजवीकडची टकटक

कॅम्बर म्हणजे समोरून बघताना चाकाचा आत-बाहेर झुकाव. तो बदलणाऱ्या प्लेटचा हा अनुभव. आधी गाडी सांगतो. टोयोटा जीआर८६, २०२२ चं मॉडेल, मॅन्युअल गिअर, २.४ लिटरचं बॉक्सर इंजिन, २२८ अश्वशक्ती. स्प्रिंग कंपनीच्या (म्हणजे स्टॉक), शॉक कंपनीचे, उंचीही शोरूममधून आली तेवढीच. राहतो न्यू जर्सीत, एडिसनला. हीच गाडी रोज ऑफिसला जाते, हिवाळ्यात मीठ टाकलेल्या रस्त्यांवरून जाते, आणि वर्षातून पाच-सहा वेळा दीड तासावरच्या मिलव्हिलला न्यू जर्सी मोटरस्पोर्ट्स पार्कवर जाते. तिथला थंडरबोल्ट ट्रॅक सव्वादोन मैलांचा. दिवसभर त्याच्या फेऱ्या मारल्या की संध्याकाळी टायर काय ते खरं सांगून टाकतात.

माझ्या टायरांनी दुसऱ्याच ट्रॅक-दिवशी सांगितलं. पुढच्या दोन्ही मिशेलिनची मधली नक्षी जवळजवळ नवी आणि बाहेरचा खांदा गुळगुळीत, कडेला रबराची सालपटं निघालेली. अलाइनमेंटचा कागद पाहिला तर कॅम्बर डावीकडे −०.२ अंश, उजवीकडे +०.१ (उणे म्हणजे चाकाचा माथा आत). म्हणजे चाकं उभी. सरळ रस्त्यावर यात काहीच वाईट नाही. वळणात मात्र गाडी बाहेर कलते, तिच्याबरोबर बाहेरचं चाकही कलतं आणि सगळा भार टायरच्या एका कडेवर येतो. मागे डबल विशबोन आहे, तिथे वरचा आखूड हात चाकाचा माथा आत ओढून घेतो. पुढे मॅकफर्सन स्ट्रट, म्हणजे शॉक आणि स्प्रिंगचा एकच उभा खांब; त्याला वरचा हातच नाही. म्हणून जो झुकाव हवा तो गाडी उभी असतानाच देऊन ठेवावा लागतो.

पहिलं वर्ष मी कॅम्बर बोल्टवर काढलं. स्ट्रट आणि नकल (चाक धरणारा भाग) जोडणाऱ्या दोन बोल्टांपैकी वरच्याच्या जागी एक्सेंट्रिक, म्हणजे मध्य बाजूला सरकलेला, बोल्ट घालायचा, फिरवला की चाक आत झुकतं. स्वस्त आणि तासाभराचं काम. −१.२ मिळाला आणि गाडीत फरकही पडला. पण दोन अडचणी होत्या. एक, या पद्धतीत चाक स्ट्रटच्या दिशेने झुकतं, त्यामुळे टायर आणि शॉकच्या नळीमधली फट कमी होते. पुढे रुंद चाकं घालायची तर तिथेच अडतं. दुसरी अडचण मार्चमध्ये कळली. इथे थंडी उतरताना रस्त्यांची चाळण होते. अशाच एका खड्ड्यात डावं चाक आदळलं, बोल्ट सरकला आणि स्टिअरिंग वाकडं धरून गाडी सरळ चालवायची वेळ आली. कॅम्बर प्लेट पूर्ण स्ट्रटच वरून आत सरकवते. फट तेवढीच राहते आणि खालचे मूळचे जाड बोल्ट जागच्या जागी राहतात.

तर प्लेट घ्यायची ठरली, आणि पहिल्या खरेदीत मी फसलो. चूक माझीच. वर्णनात गाडीचं नाव होतं, फोटो सुंदर होता, ॲनोडाइज केलेला निळा रंग होता. डबा उघडून कंपनीची स्प्रिंग शेजारी ठेवली तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. ती प्लेट कॉइलओव्हरसाठी, म्हणजे उंची बदलता येणाऱ्या शॉक-स्प्रिंगच्या वेगळ्या संचासाठी होती. कॉइलओव्हरची स्प्रिंग आतून साठ-पासष्ट मिलिमीटरची, सडपातळ; कंपनीची स्प्रिंग तिच्यापुढे घागरीसारखी. तिला टेकायला त्या प्लेटखाली जागाच नव्हती. परत पाठवली, पाठवणीचा खर्च गेला.

तिथून पुढे मी प्लेटकडे बघणं सोडलं आणि प्लेटच्या खाली काय आहे ते बघायला लागलो. स्टॉक स्प्रिंगवाल्यांसाठी सगळा प्रश्न तिथेच आहे. किती अंश मिळतात हे प्रत्येक विक्रेता मोठ्या अक्षरांत लिहितो, पण स्प्रिंग कुठे टेकते, स्टिअरिंग फिरवल्यावर कशावर फिरते आणि शॉकचा दांडा कशात अडकतो, हे फोटो मोठा करून शोधावं लागतं.

कंपनीच्या टॉप माउंटमध्ये, म्हणजे स्ट्रटच्या माथ्यावरच्या जोडात, रबर असतं. ते खड्ड्यांचे झटके गिळतं, आणि आतल्या बेअरिंगवर स्ट्रट स्टिअरिंगबरोबर फिरतो. प्लेटमध्ये रबराच्या जागी लोखंडी गोल बेअरिंग येतं. काही प्लेटमध्ये स्प्रिंगचा भार आणि शॉकचा भार दोन्ही त्या एकाच गोल बेअरिंगवर येतात. ट्रॅकवरच्या गाडीला चालतं, कारण ते दर हंगामात बदलतात. रोजच्या गाडीत ते लवकर सैल होतं. दुसऱ्या प्रकारात स्प्रिंगला स्वतःची रुंद बैठक आणि तिच्या वर सपाट थ्रस्ट बेअरिंग (वरून येणारा भार पेलत फिरू देणारं). गोल बेअरिंगवर फक्त शॉकचा दांडा. मी हा दुसरा प्रकार घेतला. कंपनीचं नाव मुद्दाम टाकत नाही, कारण या रचनेच्या प्लेट तीन-चार जण करतात आणि पुढे जे लिहिलंय ते रचनेबद्दल आहे. जोडीला ४२५ डॉलर पडले.

एक तिसरा प्रकारही आहे: कंपनीचीच वरची स्प्रिंग-सीट पुन्हा वापरायची. स्वस्त पडतो. पण खारट रस्त्यांवर फिरलेल्या गाडीत ती सीट आणि तिचं रबर कुठल्या अवस्थेत निघेल याचा भरवसा नाही, म्हणून सोडून दिला.

उंचीबद्दल थोडं सविस्तर, कारण इथे लोक गोंधळतात, मीही गोंधळलो होतो. स्प्रिंगची वरची बैठक मूळ जागेपेक्षा खाली आली की गाडीची उंची वाढते, वर गेली की कमी होते. शॉकचा दांडा जिथे अडकतो ती जागा वर-खाली झाली की दाबाच्या दिशेची हालचाल बदलते. हे दोन वेगळे आकडे आहेत. विकणारे एकच सांगतात, तोही विचारल्यावर. माझी गाडी पुढून सहा मिलिमीटर उंच झाली. चाकाच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंत आधी आणि नंतर मोजलं होतं. दिसायला थोडी बोकडासारखी, पण मी खूश आहे. मॅकफर्सनमध्ये गाडी खाली केली की खालचा हात चुकीच्या कोनात जातो आणि दाबताना मिळणारा थोडासा कॅम्बरही हातचा जातो. ‘आधी लोअरिंग स्प्रिंग टाक, मग प्लेट बघ’ असा सल्ला मला किमान चार जणांनी दिला. मला तो उलटा वाटतो. मऊ स्टॉक स्प्रिंगवर गाडी जास्त कलते, म्हणजे कॅम्बरची गरज तिलाच जास्त.

बसवण्याचं काम एप्रिलमध्ये घरच्या गॅरेजमध्ये केलं. वडील तेव्हा साताऱ्याहून आले होते. ते एसटीच्या दापोडीच्या मध्यवर्ती कार्यशाळेतून निवृत्त झालेत. हात लावू नका म्हटलं तरी ऐकणार नव्हते. ब्रेकच्या नळीचा आणि एबीएसच्या वायरचा क्लिप आधी सोडवा, नाहीतर स्ट्रट खाली येताना वायर ताणली जाते. स्प्रिंग कॉम्प्रेसर भाड्याचा आणला होता. बाबांनी त्याचे आटे तपासले, एक खराब म्हणून परत करायला लावला, दुसरा आणायला लावला. बरोबरच होतं. दाबलेली स्प्रिंग सुटली तर हात जातो. वरचा नट इम्पॅक्ट गनने खोलायचा मोह आवरा. दांडा आत गरगर फिरला तर शॉकचं सील खराब होतं. ॲलन कीने दांडा धरून पान्याने खोला. दोन्ही बाजू मिळून आम्हाला सात तास लागले, त्यात दोनदा चहा आणि एक भांडण.

गाडी खाली उतरवली तसे बाबा समोर जाऊन उकिडवे बसले. “अरे, चाकं फेंगडी झाली की तुझी! आमच्या गाड्यांना झुकाव बाहेरचा असायचा. पॅसेंजर भरले की चाक सरळ यायचं.” मी म्हटलं, “बाबा, ह्या गाडीत पॅसेंजर दोनच, आणि वळणं फार.” ते पटलं नाही, पण त्यांनी वरचे तिन्ही नट टॉर्क रेंचने स्वतः तपासले.

अलाइनमेंट दुसऱ्या दिवशी, १८० डॉलर. पुढे दोन्हीकडे −२.१, टो (वरून बघताना चाकं आत किंवा बाहेर वळलेली असणं) शून्य. स्ट्रटचा माथा सरकवला की टो बदलतोच, त्यामुळे प्लेट हलवली आणि टो बघितला नाही असं कधीही करू नका. मागचा कॅम्बर या गाडीत कंपनीकडून बदलता येत नाही, तो −१.३ च्या आसपास आहे आणि मी त्याच्या वाटेला गेलो नाही.

ट्रॅकवरचा फरक पहिल्या फेरीतच कळला. आधी वळणाच्या मध्यावर पुढची चाकं चीं करत बाहेर जायची आणि मी ॲक्सिलरेटर सोडून वाट बघत बसायचो. आता नाक आत येतं. टायरच्या खांद्यावर खडूच्या रेघा ओढून बघितलं, पूर्वी खडू कडेच्या पार खालपर्यंत पुसला जायचा, आता खांद्यावर थांबतो. दुसरी बाजूही सांगतो: पुढची पकड वाढल्यावर शेपूट हलकी वाटते. जूनमध्ये पावसात एकदा मागची बाजू सुटली आणि पोटात गोळा आला. नवशिक्याला सुरुवातीला −१.५ पुरे असं मी सांगेन.

रस्त्यावर काय? टायर आतून खाल्ले जातील असं सगळे भीती घालतात. ९,००० मैलांत आतली कड बाहेरच्यापेक्षा किंचित जास्त झिजली आहे, बोटाने कळते एवढीच. टायर खातो तो टो. टो शून्य असेल तर दोन अंश कॅम्बर रोजच्या गाडीला सहन होतो. जड ट्रकांनी महामार्गावर पाडलेल्या चाकोऱ्यांत मात्र स्टिअरिंग जरा इकडेतिकडे ओढतं. खड्ड्यांचा आवाज वाढला आहे. बायकोच्या शब्दांत सांगायचं तर पूर्वी खड्डा लागायचा, आता ऐकू येतो. ती गाडी आठवड्यातून दोनदा चालवते आणि तिची तक्रार एवढीच आहे, तेव्हा ठीकच म्हणायचं.

मग नोव्हेंबर आला. तापमान शून्याखाली गेलं आणि उजवीकडून टकटक सुरू झाली. स्पीडब्रेकरवर, हळू वेगात, सकाळी जास्त. पहिला संशय स्प्रिंग अडकून सुटतेय का, पण तो आवाज वेगळा असतो, पार्किंगमध्ये स्टिअरिंग फिरवताना ‘टंग’ असा. थ्रस्ट बेअरिंग नसलेल्या प्लेटवाल्यांना तो परिचित असेल. इथे तसं नव्हतं. दोन्हीकडचे वरचे नट तपासले, पाव फेरी सैल निघाले. आवळल्यावर डावीकडची बारीक कुरकुर पूर्ण गेली, उजवीकडची निम्मी. मग चाक काढून खालून बघितलं. बॉनेट उघडलं तर वरून सगळं कोरडं आणि चकचकीत, पण चाकाच्या कोनाड्यातून उडालेलं मीठ खालच्या बाजूने बेअरिंगच्या फटीत जाऊन पांढरं झालं होतं. ब्रशने साफ केलं, टेफ्लॉनचा कोरडा स्प्रे मारला. ग्रीस लावू नका, रेती धरून बसतं. तीन आठवडे शांत, मग परत. विक्रेत्याला लिहिलं तर उत्तर आलं की बेअरिंग हा झिजणारा भाग आहे आणि वॉरंटीत बसत नाही. तसं छापलेलंही आहे, मीच वाचलं नव्हतं. खालून रबरी टोपी दिली असती तर त्यांना असा किती खर्च आला असता, एवढंच विचारावंसं वाटतं.

बर्फ पडणाऱ्या भागात राहत असाल तर असं सुटं बेअरिंग वेगळं विकत मिळतं का हे प्लेट घेण्याआधी बघा. माझ्या प्लेटचं मिळतं, ३८ डॉलरला एक. ज्यांचं मिळत नाही त्यांची अख्खी प्लेट बदलावी लागते. आणि मूळचे टॉप माउंट टाकून देऊ नका; माझे तळघरात डावा-उजवा लिहून ठेवले आहेत.

एप्रिलमध्ये दोन्ही बाजूंची बेअरिंगं बदलतोय, जोडीनेच बदललेली बरी. जुनं उजवं पुढच्या फेरीत साताऱ्याला न्यायचं आहे. बाबांना ते व्हाइसमध्ये धरून कापून बघायचंय.