रॅम वाढवू की एसएसडी बसवू?

घरचा जुना लॅपटॉप, ४ जीबी रॅम (चालू कामाची तात्पुरती मेमरी), आत फिरती हार्ड डिस्क. एसएसडी म्हणजे तिच्या जागी बसणारी, चिपवर साठवणारी वेगवान डिस्क. क्रोममध्ये चार टॅब उघडले की चहा करून यावं एवढा वेळ! टास्क मॅनेजर पाहिला: मेमरी ९२ टक्के, डिस्क १००. रॅम भरली की विंडोज उरलेला पसारा डिस्कवर टाकतं आणि तिथेच रखडतं.

रॅम ८ जीबी केली तर तो पसारा सहसा डिस्कवर जात नाही. पण मशीन सुरू व्हायला जवळपास तेवढाच वेळ. शिवाय डीडीआर३ या जुन्या प्रकारच्या रॅमच्या खाचेत नवी डीडीआर४ बसत नाही. काही लॅपटॉपांत तर रॅम बोर्डालाच सोल्डर केलेली.

एसएसडीने सुरुवात झटपट होते, रॅम भरली तरी खोळंबा कमी. विंडोज नव्याने टाकायची किंवा जुन्या डिस्कवरून जशीच्या तशी उतरवून घ्यायची कटकट तेवढी आहे. तरी मी आधी एसएसडीच घेईन. २ जीबीचं मशीन असेल, तर मात्र रॅम.