टेंटभोवती घुंगरू, जुन्या सीडी आणि नोटा तपासायचा टॉर्च: अख्ख्या सीझनच्या वापरानंतर

दिवाळीच्या आधी हा उद्योग सुरू केला, आता वळीव पडायला लागलाय म्हणजे सीझन संपल्यात जमा, तर म्हटलं लिहून टाकावं. आमचा बायकांचा छोटा ग्रुप आहे, पुण्याहून शुक्रवारी रात्री निघायचं, शनिवारी कुठेतरी टेंट टाकायचा. प्रत्येकीच्या घरून निघताना प्रश्न एकच, "रात्री काही आलं तर?" बाजारात सेन्सरवाले अलार्म मिळतात पण महाग आणि वर चार्ज करा, त्यापेक्षा घरात नाहीतर बोहरी आळीत मिळेल त्या सामानातून काय जमतं ते बघू असं ठरलं. एक गोष्ट आधीच सांगते, आम्ही जवळजवळ सगळे जुगाड जनावरांना घाबरून केले आणि त्यांचा उपयोग झाला तो माणसांनाच, म्हणजे आम्हालाच.

घुंगरू दोरीपासून सुरू करते कारण सगळे तेच विचारतात. बैलांच्या घुंगुरमाळेतली पितळी घुंगरं घेतली, टेंटच्या चारी बाजूंनी काठ्या रोवून पोटरीच्या उंचीवर दोरी ताणली आणि दोरीला घुंगरं. पहिल्याच रात्री राजगडाच्या पायथ्याला असं वारं सुटलं की पहाटेपर्यंत आमच्याभोवती लावणी चालू होती, कोणी झोपलंच नाही. मग त्यात बदल केला आणि आता आहे ती पद्धत बेस्ट आहे. बाहेर नायलॉन दोरी नको, मासेमारीची बारीक तंगूस घ्यायची, ती वाऱ्याने हलत नाही. घुंगरं बाहेर लावायचीच नाहीत, तंगुसाचं टोक टेंटच्या चेनच्या फटीतून आत घ्यायचं आणि तिथे तीन-चार घुंगरांचा झुपका लटकवायचा. तंगूस किंचित सैल ठेवायची, गिटारच्या तारेसारखी ताणली तर टेंटचं कापड फडफडलं तरी वाजते. आता पाय अडकल्याशिवाय वाजत नाही आणि वाजलं की थेट कानाशी वाजतं.

ह्यात आजवर कोण कोण अडकलं विचाराल तर गावातली कुत्री, एकदा म्हैस, उशिरा पोचलेला दुसरा एक ग्रुप, आणि सगळ्यात जास्त वेळा रात्री लघवीला उठलेली आमच्यातलीच कोणीतरी. त्यामुळे टॉयलेटच्या बाजूला तंगूस लावत नाही, तिथे मोकळी वाट ठेवतो. बिबट्या वगैरे ह्याने थांबत नाही हे डोक्यात पक्कं ठेवा, हे कुंपण नाहीये, फक्त जाग यावी म्हणून आहे. पाचपैकी साडेतीन.

उरलेली घुंगरं काठीला बांधली आणि ती काठी मात्र पाचपैकी पाच. पूर्वी टपाल नेणारे हरकारे भाल्याला घुंगरं बांधून जंगलातून पळायचे ते उगाच नाही. जुन्नरच्या बाजूला उसात बिबटे आहेत हे सगळ्यांना माहितीये, तिथली माणसं पण रात्री एकटं जाऊ नका, मोबाइलवर गाणी लावा, आवाज करत चाला असंच सांगतात. आम्ही रात्री टेंटबाहेर पडायचं तर दोघी, काठी आपटत, टॉर्च लावून आणि गप्पा मारत. जिला बसायचंय ती बसते, दुसरी उभी राहून टॉर्च फिरवत राहते. लाज वगैरे दोन मुक्कामांत जाते.

आता सापांबद्दल, इथे जरा जास्त लिहिते कारण सगळ्यात जास्त फालतूपणा ह्यातच चालतो. फिनेल शिंपडा, हिंग-लसणाचं पाणी मारा, टेंटभोवती मिठाची रेघ ओढा, सुंभाची दोरी टाका म्हणजे साप ओलांडत नाही. आमच्यातल्या एकीने लसणाचं पाणी बाटलीत भरून आणलं होतं, टेंटला वास असा की डोकं उठलं. हरिश्चंद्रगडाच्या पायथ्याच्या पाचनई गावातल्या मामांना विचारलं तर म्हणाले, "लसनानं साप जातो म्हनं? आमच्या माळ्यावर लसनाच्या जुड्या टांगल्यात, त्याच्याच खाली निघाला व्हता की मागल्या साली." विषय संपला. साप दोरी पण ओलांडतो, मीठ पण ओलांडतो.

कामाला येते ती टेंटची चेन. पूर्ण लावलेली, खालच्या कोपऱ्यापर्यंत, रात्री बाहेर जाऊन आल्यावर परत लावलेली. मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला झोपेतच चावते, बऱ्याचदा दुखत नाही, सूज येत नाही, खूण दिसत नाही. पहाटे पोटात दुखतं, पापण्या जड होतात, गिळता येत नाही आणि लोक म्हणतात रात्रीचं जेवण बाधलं. म्हणून गुहेत किंवा देवळात मुक्काम असेल तरी उघड्यावर पथारी टाकत नाही, टेंटचा नुसता जाळीचा आतला भाग उभा करतो. तो नसेल तर साधी मच्छरदाणी, पण तिच्या कडा चारी बाजूंनी मॅटखाली नीट खोचलेल्या हव्यात, वरून नुसती लोंबकळत सोडली तर उपयोग शून्य. ह्या मच्छरदाणीला दहापैकी दहा देईन, वर डासांपासून सुटका फुकट.

आणि एक कागदाची चिठ्ठी. निघायच्या आधी जवळच्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात फोन करून सर्पदंशाची लस आहे का विचारायचं, हॉस्पिटलचं नाव, रस्ता, गावात गाडी कोणाकडे आहे त्याचा नंबर हे सगळं कागदावर लिहून एक प्रत आपल्याकडे आणि एक पायथ्याच्या घरी. रेंज गेलेली असते, बॅटरी गेलेली असते, कागद असतो. नाग, मण्यार, घोणस, फुरसं ह्या चौघांवर एकच लस चालते त्यामुळे साप मारून सोबत न्यायची गरज नाही. ब्लेडने कापणं, करकचून बांधणं, चोखणं काही करायचं नाही, चावलेला हातपाय हलू द्यायचा नाही आणि १०८ ला फोन लावत खाली न्यायचं.

आता माझी सगळ्यात लाडकी वस्तू, नोटा तपासायचा जांभळा टॉर्च. विंचवावर अल्ट्राव्हायोलेट लाइट पडला की तो हिरवट-निळा चमकतो, हे आधी फक्त ऐकलं होतं. एका गडावरच्या देवळात झोपायच्या आधी नेहमीचे टॉर्च बंद करून हा भिंतीवरून फिरवला तर दगडांच्या फटीत, आमच्या सॅकपासून हातभर लांब, रेडियमच्या घड्याळासारखा चमकणारा एक नमुना, नांगी सकट. साध्या टॉर्चमध्ये तीच फट परत बघितली तर काही म्हणजे काही दिसत नव्हतं, दगडाच्याच रंगाचा. सॅक उचलल्या, दुसऱ्या कोपऱ्यात गेलो. एक लक्षात ठेवा, ह्याने फक्त विंचू दिसतो, साप चमकत नाही. कोकणच्या उतारावर लाल विंचू असतो आणि तो हलक्यात घ्यायचा नाही, महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन ह्या गोळीने त्यावर उपचार करायला सुरुवात करेपर्यंत माणसं दगावायची, त्यांचा लेख १९८६ साली लॅन्सेट ह्या डॉक्टरांच्या मासिकात आला. तेव्हा डंख झाला तर डॉक्टरकडेच, मंत्र आणि कांदा नाही. बूट रात्री प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधून टेंटच्या आत.

बाहेर मात्र एक जोड ठेवतो, एकीच्या भावाचे फाटके दहा नंबरचे जेन्ट्स बूट, कोणी घालत नाही, नुसते दारात दिसायला. आत पुरुष आहेत असं वाटावं म्हणून. ह्याचा किती उपयोग झाला हे मोजायचं कसं, पण वजन सोडलं तर तोटा काही नाही. टेंटच्या दोन्ही चेनची टोकं आतून किचेनच्या कडीने एकत्र अडकवतो, कडी पटकन निघेल अशीच हवी, कुलूप अजिबात नको, आग लागली तर बाहेर कशा पडणार.

आगीवरून आठवलं, थंडीत निखाऱ्याचं घमेलं टेंटमध्ये घ्यायचं एका काकांनी सुचवलं होतं. नाही म्हणजे नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणूस झोपेतून उठतच नाही, उत्तरेत दर हिवाळ्यात बंद खोलीतल्या शेगडीच्या अशा बातम्या येतात. त्याऐवजी स्टीलच्या बाटलीत गरम पाणी, बाटली मोज्यात, मोजा स्लीपिंग बॅगमध्ये पायाशी. भंडारदऱ्याच्या जानेवारीत पहाटेपर्यंत कोमट राहिलं. अभयारण्यात तर चूल पेटवायलाच बंदी असते आणि बऱ्याच किल्ल्यांवर मुक्कामालाही, ते आधी विचारून घ्या.

जुन्या सीडी कात्रीने चार तुकडे करून टेंटच्या ताणदोऱ्यांना बांधल्या, टॉर्च पडला की लखलखतात, दोऱ्यांत अडखळून पडणं बंद झालं. तीच आयडिया कड्याच्या बाजूला. माझ्या मते रात्री खरी भीती वाघरू-बिघरूची नाही, कड्याची आणि ओढ्याची आहे. उजेडातच कड्यापासून चांगलं लांब, सिमेंटच्या पोत्याच्या पांढऱ्या पट्ट्या आणि सीडीचे तुकडे बांधून एक रेघ आखतो, अंधार पडल्यावर त्याच्या पलीकडे कोणी जायचं नाही, फोटोसाठी पण नाही, सकाळी सगळं सोडून परत आणतो. ओढ्याजवळ असलो तर पाण्याच्या कडेला काठी रोवायची आणि झोपायच्या आधी बघायचं, काठी पाण्यात गेली असेल किंवा पाणी गढूळ झालं असेल तर वर कुठेतरी पाऊस झालाय, तिथून उठायचंच, मग रात्रीचे कितीही वाजलेले असोत.

शिट्टी प्रत्येकीच्या गळ्यात, प्लॅस्टिकची, आत गोळी नसलेली, कारण गोळीवाली ओली झाली की अडकते. मिनिटात सहा वेळा, मग एक मिनिट थांबायचं, परत सहा, डोंगरात मदत मागायची ही एक ठरलेली खूण आहे. गावात ही खूण कोणाला माहीत नसते पण शिट्टी वाजतच राहिली तर माणसं बघायला येतात, ओरडण्यापेक्षा लांब जाते आणि घसा राहतो. खाऊ स्टीलच्या डब्यात, डबा दोरीने उंच टांगलेला, टेंटमध्ये चिक्कीचा तुकडासुद्धा नाही. उंदीर चिक्कीसाठी सॅक कुरतडतात आणि उंदरामागे कोण येतं ते सांगायला नको.

खर्च म्हणाल तर सगळं मिळून एका हॉटेलच्या जेवणाइतका. तंगूस मासेमारीच्या दुकानात मिळते, घुंगरं रविवार पेठेत, आणि टॉर्च नोटा तपासायचा म्हणूनच मागा, ट्रेकिंगचा म्हणून मागितला की त्याच टॉर्चचा भाव दुप्पट होतो.