दर महिन्याला एक, अशी सहा सिटिंगं म्हणे बोटॉक्सची! ४८,८०० रुपये गेले

“मॅम, दर महिन्याला एक, अशी बोटॉक्सची सहा सिटिंग्ज.” क्लिनिकमधली काउन्सेलर मुलगी हे बोलली, त्याच क्षणी मी उठून चालायला लागायला हवं होतं. बोटॉक्स म्हणजे सुरकुत्यांवरचं इंजेक्शन, ते दर महिन्याला देतच नाहीत! एकदा दिलं की ३-४ महिने टिकतं आणि पुढचं इंजेक्शन किमान १२ आठवड्यांनी. त्याआधी पुन्हा पुन्हा टोचलं तर शरीरात अँटीबॉडी तयार होण्याचा धोका वाढतो, मग खरं औषधही लागू पडत नाही. हे मला माहीत होतं, वाचलेलं होतं, आणि तरी मी सही केली. याचाच संताप अजून जात नाही.

पण पाटीवर डॉक्टरांचं नाव होतं, भिंतीवर फ्रेम केलेली सर्टिफिकिटं होती. अशा ठिकाणी बसल्यावर कोण शंका घेतं? “५१,०००चं पॅकेज, आज घेतलंत तर ४२,०००.” १८,००० यूपीआयने दिले, २४,०००चे सहा हप्ते करून घेतले. वर ‘कोलाजेन किट’चे ६,८०० रोख. त्याची पावती नाही. बिलावर नुसतं ‘स्किन केअर पॅकेज’. औषधाचं नाव नाही, बॅच नंबर नाही, किती युनिट तेही नाही. बिलावर या तीन गोष्टी नसतील तर एक रुपयाही देऊ नका.

आता सुईचं सांगते. ट्रेमध्ये सिरिंज आधीच भरून आली. व्हायल, म्हणजे औषधाची बाटली कुठाय विचारलं, तर “आत फ्रेश बनवलंय.” खरी व्हायल २ ते ८ अंशांत फ्रिजमध्ये ठेवलेली असते. आत द्रव नसतो, तळाशी पांढरट कोरडा थर असतो, इतका पातळ की बाटली रिकामीच वाटावी. त्यात सलाइन घालून औषध तयार करतात. १०० युनिटच्या व्हायलमध्ये २.५ मिली घातलं, की ०.१ मिलीत ४ युनिट. दोन भुवयांमधल्या उभ्या रेषांना नेहमीचा डोस पाच ठिकाणी मिळून २० युनिट, म्हणजे अर्धा मिली. माझ्या चेहऱ्यात २ मिली घातलं! भाव मिलीवर सांगत असतील तर तिथेच थांबा. बोटॉक्स युनिटवर मोजतात. पाणी वाढवलं की मिली वाढतात, औषध तेवढंच राहतं. आणि एका ब्रँडचे युनिट म्हणजे दुसऱ्याचे युनिट नव्हेत, म्हणून ब्रँडही विचारा. व्हायल समोर उघडायला लावा, लेबलचा फोटो काढा. नाही म्हणाले तर उठा.

नाकापासून ओठांच्या कोपऱ्यांपर्यंतच्या घड्यांतही तेच टोचलं. बोटॉक्स स्नायू सैल करतं, म्हणून ते आठ्यांवर आणि डोळ्यांच्या कडेच्या रेषांवर चालतं. गालाच्या त्या घड्यांसाठी सहसा फिलर, म्हणजे घडी आतून भरून काढणारं जेल, वापरतात. फिलर चुकून रक्तवाहिनीत गेलं तर कातडी पांढरी पडते, भयंकर दुखतं, डोळाही जाऊ शकतो. हायल्युरॉनिक अॅसिडचं फिलर विरघळवायचं हायल्युरोनिडेज हे औषध जवळ नसेल, तिथे फिलर घेऊच नका.

दोन दिवस चेहरा गुळगुळीत दिसला. ती नुसती सूज होती. खऱ्या औषधाचा असर ३-४ दिवसांत सुरू होतो आणि साधारण १४ दिवसांत पूर्ण दिसतो. पंधराव्या दिवशी आरशासमोर कपाळाला आठ्या घालून पाहिल्या. भुवयांमधल्या दोन्ही रेषा होत्या तशाच, तितक्याच खोल. क्लिनिकमधून उत्तर आलं, “दुसऱ्या सिटिंगनंतर दिसेल.”

पोलीस म्हणाले, हे ग्राहकाचं प्रकरण आहे. औषधं तपासणाऱ्या कार्यालयात गेले, तर तिथे नमुना मागितला. माझ्या कपाळात गेलेल्या औषधाचा नमुना मी कुठून आणू? लेखी अर्ज द्या म्हणाले, दिला. पोच मागितली तर साहेब मीटिंगला. तीन चकरा, तीन वेगळी टेबलं, आणि शेवटी “डॉक्टरांच्या कौन्सिलकडे जा.” तिथे विचारलं, सुई कोणी दिली? डॉक्टर तर मी पाहिलाच नव्हता! “मग हे आमच्याकडे येत नाही,” कौन्सिलवाले म्हणाले. टोचणारी डॉक्टर नाही म्हणून कौन्सिल हात वर करतं, आणि डॉक्टरचं क्लिनिक आहे म्हणून बाकीचे. मग माणसाने जायचं कुठे? तेव्हा सुई लागायच्या आधी डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक मागा आणि महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या यादीत तपासा. ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, मुदत २ वर्षं. व्हॉट्सॲपवरचं बोलणं डिलीट करू नका, माझ्याकडे आता तेवढाच पुरावा आहे.

किटमधलं कोलाजेन क्रीम कातडीच्या आत पोचतच नाही, रेणू फार मोठा असतो. वरवर ओलावा राहतो, तो साध्या मॉइश्चरायझरनेही राहतो. सुरकुत्या वाढवणाऱ्या बाहेरच्या कारणांत ऊन सगळ्यात मोठं, मग सिगारेट. उन्हातले यूव्हीए किरण खिडकीच्या काचेतूनही येतात. चेहरा-मानेला दोन बोटांवर मावेल एवढं ३० किंवा जास्त एसपीएफचं सनस्क्रीन, उन्हात असाल तर दर दोन तासांनी पुन्हा. डॉक्टरांनी लिहून दिलं तर सुरकुत्यांवरचं ट्रेटिनॉइन क्रीम, ०.०२५ टक्के, वाटाण्याएवढं, रात्री कोरड्या चेहऱ्यावर, सुरुवातीला आठवड्यातून दोनदाच. कातडी सोलते, म्हणून लोक पंधरा दिवसांत सोडून देतात. फरक दिसायला ३ ते ६ महिने लागतात. गरोदरपणात अजिबात नको.

इंजेक्शननंतर गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास झाला, तर क्लिनिकला फोन करत बसू नका, थेट हॉस्पिटल गाठा.

आणि हप्ते करून घेऊ नका. फायनान्सवाल्याने क्लिनिकला पैसे पहिल्याच दिवशी चुकते केले, कर्ज माझ्या नावावर आहे. पुढची पाच सिटिंग्ज मी घेतलीच नाहीत, तरी ५ तारखेला खात्यातून ४,००० जातात. अजून तीन हप्ते बाकी आहेत.