'साल्वे रेजीना': साधी चाल की मोठी?

'साल्वे रेजीना' हे मारियामातेचं जुनं लॅटिन गीत शिकायचं ठरवलं की पहिल्याच दिवशी प्रश्न पडतो: कुठल्या चालीत? शब्द तेच, साधारण 11व्या शतकातले. परंपरेने ते रायखेनाऊच्या मठातल्या हर्मान (1013–1054) या अपंग साधूच्या नावावर आहेत, अभ्यासकांना मात्र तेवढी खात्री नाही. चाली दोन. मोठी, म्हणजे 'टोनस सोलेम्निस', मध्ययुगातली. साधी, 'टोनस सिम्प्लेक्स', बरीच अलीकडची. ती 17व्या शतकातला संगीतकार आंरी द्यू मों याची मानली जाते.

साधीची सुरुवात सा ग प ध प, आणि 'साल्वे रेजीना' म्हणून झालंसुद्धा! बिलावलचे स्वर, बहुतेक अक्षरांना एकेकच. मला दोन संध्याकाळींत पाठ झाली. मोठीचे स्वर काफीकडचे (राग म्हणत नाही, कोमल ग-नीपुरतं बोलतोय). तिथे 'साल्' हे एकच अक्षर प म प असं फिरतं आणि 'वे' थेट खाली सा वर येऊन बसतं. या एका उडीने माझा आठवडा खाल्ला. सा जरा उतरला की पुढची ओळ घसरत जाते, आणि पुढे 'वीता, दुल्चेदो' या शब्दांना तीच चाल परत येते, म्हणजे चूकही दोनदा ऐकायची.

एवढं असून मी साधी सोडली, ती तालापायी. ग्रेगोरियन गाण्याला, म्हणजे चर्चच्या या जुन्या लॅटिन गायकीला, ठेका नाही. लॅटिन शब्दाचा आघात आणि गाणाऱ्याचा श्वास, यांवरच ते चालतं. पण साधी चाल चौघांनी मिळून म्हटली की तिसऱ्या ओळीपर्यंत कुणाचा तरी पाय हलायला लागतो. आमच्यात तर एकाने हार्मोनियम पुढे ओढली आणि बघता बघता दादरा झाला. 'मिझेरिकॉर्दिए' या लांब शब्दाचे तुकडे पडले, आणि मला शाळेच्या पटांगणात रांगेत उभं राहून प्रार्थना म्हटल्यासारखं वाटायला लागलं. दोष चालीचा म्हणावा की आमच्या कानांचा, सांगता येत नाही. कदाचित तुमच्याकडे असं होणारही नाही. मोठीत ते होत नाही, कारण ठेका धरायला हाताला काही सापडतच नाही.

कोलंबसच्या रोजनिशीत 1492 च्या ऑक्टोबरात, जमीन दिसण्याच्या आदल्या संध्याकाळी, खलाशी 'साल्वे' म्हणत होते अशी नोंद आहे. म्हणे, जो तो आपापल्या पद्धतीने. चाल कुठली ते लिहिलेलं नाही. साधी नसणार, ती जन्मायची होती.

मोठीचा खरा गाभा शेवटी आहे: 'ओ क्लेमेन्स, ओ पिया, ओ दुल्चिस'. साधीतही 'ओ'ला थोडे स्वर मिळतात, पण मोठीत तो एक स्वरवर्ण एवढा लांबतो की श्वास कुठे चोरायचा हे आधीच ठरवून ठेवावं लागतं. मी अजून तिसऱ्या 'ओ'ला अडकतो.

लग्नात किंवा अंत्यविधीला सगळ्यांनी मिळून म्हणायचं असेल, तर साधीच घ्या, वाद नाही. एकट्याने किंवा दोघातिघांत म्हणायचं असेल, तर मी मोठीकडे झुकेन. जुन्या रिवाजाप्रमाणे हे गीत ट्रिनिटीच्या रविवारपासून (मे-जूनमधला सण) ॲडव्हेंटपर्यंत (नाताळच्या आधीचा काळ) रात्रीच्या शेवटच्या प्रार्थनेनंतर म्हणतात, म्हणजे हाताशी पाच-सहा महिने मिळतात. मला चार लागले, तिसरा 'ओ' वगळून.