डिफेंडर, विकतचा अँटीव्हायरस की लिनक्स: घरच्या लॅपटॉपला आणि डीटीपीच्या दुकानाला काय चालेल?

आपल्या मशीनमध्ये व्हायरस शिरतो कुठून, हे निवडीआधी पाहायला हवं. घरच्या लॅपटॉपवर तो बहुतेक वेळा ईमेल किंवा व्हॉट्सॲप वेबवरून उतरवलेल्या फायलीतून येतो, नाहीतर क्रॅक केलेल्या, म्हणजे लायसन्स तोडून फुकट वापरायच्या, सॉफ्टवेअरमधून. झेरॉक्स-डीटीपीच्या दुकानात तो गिऱ्हाइकाच्या पेनड्राइव्हवरून येतो, आणि तेही रोज. त्यामुळे शेजारच्याने घेतलेला अँटीव्हायरस आपल्याला लागू पडेलच असं नाही.

आमचं मत असं: इंटरनेट सतत चालू असलेल्या, अपडेट होणाऱ्या विंडोज ११ च्या घरगुती लॅपटॉपला मायक्रोसॉफ्ट डिफेंडर पुरतो. त्याच्यावर दुसरं काही विकत घेण्याची गरज नाही. दुकानाचं उत्तर वेगळं आहे, ते पुढे येईल.

डिफेंडर विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, पूर्ण अँटीव्हायरस म्हणून विंडोजमध्येच येतो. त्याला नावं ठेवायची सवय जुन्या काळातली आहे. जर्मनीतली एव्ही-टेस्ट आणि ऑस्ट्रियातली एव्ही-कंपॅरेटिव्ह्ज या संस्थांच्या चाचण्यांत तो आता नावाजलेल्या विकतच्या अँटीव्हायरसांच्या पंक्तीत बसतो. पण तो कधी कधी अर्धाच चालू असतो, हे फार जणांना माहीत नसतं. 'विंडोज सिक्युरिटी' उघडा, 'व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन'मध्ये 'मॅनेज सेटिंग्ज'वर जा. रिअल-टाइम प्रोटेक्शन, क्लाउड-डिलिव्हर्ड प्रोटेक्शन आणि टॅम्पर प्रोटेक्शन ही तिन्ही बटणं चालू हवीत. त्याच पानाच्या तळाशी 'एक्स्क्लूजन्स'ची, म्हणजे काय तपासायचं नाही त्याची, यादी असते, ती नक्की उघडून बघा. क्रॅक बसवून देणारे कधी कधी तिथे अख्खी सी ड्राइव्ह घालून ठेवतात. मग डिफेंडर हिरवी खूण दाखवतो आणि त्या ड्राइव्हवर काहीच तपासत नाही. आपण स्वतः घातलेली नाही अशी प्रत्येक नोंद काढून टाका.

पुढचं सेटिंग रॅन्समवेअर, म्हणजे फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारे व्हायरस, यांच्यासाठी आहे आणि ते मुळात बंद असतं. 'मॅनेज रॅन्समवेअर प्रोटेक्शन'मध्ये 'कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस' चालू केलं की डॉक्युमेंट्स, पिक्चर्स अशा फोल्डरांत अनोळखी प्रोग्रामला लिहिता येत नाही. यात अडचण हमखास येते: जुनं डीटीपी सॉफ्टवेअर किंवा एखादं हिशेबाचं पॅकेज 'फाइल सेव्ह होत नाही' म्हणून अडून बसतं. घाबरून सगळं बंद करू नका. 'ब्लॉक हिस्टरी'त त्या प्रोग्रामचं नाव दिसतं, तेवढ्यालाच परवानगी द्या. टॅलीचा डेटा वेगळ्या फोल्डरात ठेवत असाल तर तो 'प्रोटेक्टेड फोल्डर्स'मध्ये हाताने जोडावा लागतो, आपोआप येत नाही.

डिफेंडरची कमजोर बाजूही खरी आहे. त्याची बरीच ताकद क्लाउडवर, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेटवरच्या सर्व्हरवर, अवलंबून आहे. नेट नसलं की त्याची पकड सैल होते. एव्ही-कंपॅरेटिव्ह्ज ऑनलाइन आणि ऑफलाइन ओळख वेगवेगळी मोजते, त्यात हे स्पष्ट दिसतं. शिवाय त्याचा फुल स्कॅन मूळ सेटिंगमध्ये पेनड्राइव्ह तपासत नाही. फाइल उघडताना ती तपासली जाते, पण आख्खी पेनड्राइव्ह तपासायची तर तिच्यावर राइट क्लिक करून 'स्कॅन विथ मायक्रोसॉफ्ट डिफेंडर' दर वेळी आपणच म्हणायचं.

दुकानात हे जमत नाही. गिऱ्हाईक काउंटरवर उभं आहे, बाहेर रांग आहे, अशा वेळी राइट क्लिक करायचं कोणाच्या लक्षात राहणार? ज्या दुकानात दिवसभर पेनड्राइव्ह लागतात आणि नेट अधूनमधून जातं, तिथे विकतच्या अँटीव्हायरसचे पैसे वसूल होतात. पुण्याचा क्विक हील आपल्याकडे याच बाजारात वाढला. काटकर बंधूंनी १९९० च्या दशकात संगणक दुरुस्तीच्या धंद्यातून तो उभा केला, आणि पेनड्राइव्ह लावताच तपासणी ही अशा दुकानांची नेमकी गरज तो भागवतो. अपडेटची फाइल दुसऱ्या मशीनवर उतरवून नेटशिवायही भरता येते. डिफेंडरचीही अशी फाइल मिळते, पण ती शोधून चालवणारा माणूस दुकानात असायला हवा. विकतच्या अँटीव्हायरसमागे डीलर असतो आणि फोनवर बोलायला कोणीतरी असतं. ज्याला स्वतः सेटिंगमध्ये शिरायचं नाही, त्याच्यासाठी ही मदतच मुख्य खरेदी आहे.

विकत घेताना दोन गोष्टी विचारा: पहिल्या वर्षाचा नव्हे तर नूतनीकरणाचा भाव किती, आणि एका लायसन्स-कीवर किती मशीन चालतात. सगळ्यात महागडं 'टोटल' पॅकेज सहसा नको. पॅरेंटल कंट्रोल, ट्यून-अप आणि फाइल श्रेडर यांचा डीटीपीवाल्याला काही उपयोग नाही.

दोन अँटीव्हायरस एकत्र मात्र कधीही चालवू नका. दुसरा बसला की डिफेंडर आपणहून बाजूला होतो आणि त्याच्याबरोबर 'कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस'ही बंद पडतो. दोन विकतचे एकत्र बसवले तर एकच फाइल दोघं तपासायला धावतात आणि मशीन हँग होतं. सगळ्यात वाईट अवस्था म्हणजे लायसन्स संपलेला अँटीव्हायरस तसाच पडून असणं: त्याचे अपडेट थांबलेले, आणि डिफेंडर परत सूत्रं घेईलच याची खात्री नाही. नूतनीकरण करायचं नसेल तर तो अनइन्स्टॉल करा, मशीन रिस्टार्ट करा आणि विंडोज सिक्युरिटीत डिफेंडर जागा झालाय का ते बघा.

फुकटच्या अँटीव्हायरसांबद्दल आमचं मत कडक आहे. अव्हास्टने आपल्या वापरकर्त्यांच्या ब्राउझिंगची माहिती जंपशॉट या उपकंपनीमार्फत विकली. ती उपकंपनी जानेवारी २०२० मध्ये बंद करावी लागली, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले. डिफेंडर विंडोजमध्येच असताना दुसरा फुकटचा घेऊन काय मिळणार?

आता लिनक्स, म्हणजे विंडोजऐवजी बसवता येणारी फुकटची ऑपरेटिंग सिस्टिम. विंडोज १० चं नेहमीचं सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलं. टीपीएम २.० ही सुरक्षा चिप नसलेल्या जुन्या मशीनवर विंडोज ११ अधिकृतपणे बसत नाही. इथे एक फसवी गोष्ट आहे: विंडोज १० वरच्या डिफेंडरला व्हायरसच्या नव्या ओळखी ऑक्टोबर २०२८ पर्यंत मिळत राहणार आहेत, म्हणून सगळं ठीक वाटतं. पण खुद्द विंडोजमधली भोकं त्याने बुजत नाहीत. वॉनाक्राय हा रॅन्समवेअर १२ मे २०१७ ला पसरला तो अशाच भोकातून. मायक्रोसॉफ्टने त्यावरचा पॅच, म्हणजे दुरुस्तीचा अपडेट, १४ मार्चलाच दिला होता. ज्यांनी तो टाकला नव्हता त्यांची मशीनं गेली. त्यानंतर दीड महिन्याने नॉटपेट्या हा तसाच व्हायरस आला. त्याने मर्स्क या जहाज कंपनीला गाठलं आणि आपल्या न्हावाशेव्याच्या जेएनपीटी बंदरातल्या एका टर्मिनलचं कामही अडकवलं.

ज्या जुन्या मशीनवर फक्त ब्राउझर, ईमेल आणि युनिकोड मराठी टायपिंग चालतं, तिथे लिनक्स मिंट टाका. ४ जीबी रॅम आणि २० जीबी जागा पुरते. विंडोजसाठी लिहिलेले पेनड्राइव्हवरचे व्हायरस तिथे एरवी चालतच नाहीत. त्यासाठी लिनक्सवर चालणारा क्लॅमएव्ही हा अँटीव्हायरस हवाच असं नाही. तो मुक्त स्रोताचा, उत्तम, पण मुळात मेल सर्व्हरवर टपाल गाळण्यासाठी नावाजलेला. तो सतत चालू ठेवायचा तर ३ जीबीहून जास्त रॅम मागतो, म्हणजे जुन्या मशीनचा जीवच घेतो. दुसऱ्याची पेनड्राइव्ह तपासून परत द्यायची असेल तेवढ्यापुरता चालवा.

पण दुकानाचं मुख्य मशीन लिनक्सवर नेण्याआधी थांबा. टॅली विंडोजसाठीच आहे. श्रीलिपीतल्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फायली उघडणं आणि बोटाचा ठसा घेणाऱ्या यंत्रांचे ड्रायव्हर बसवणं इथे हमखास अडतं. डिजिटल सहीचा टोकनही त्रास देऊ शकतो. यातलं एक जरी काम रोजचं असेल तर विंडोजवरच राहा आणि मशीन बदला.

पेनड्राइव्हवर फोल्डरांच्या जागी शॉर्टकट दिसू लागले तर फॉरमॅट मारू नका. फायली गेलेल्या नसतात, लपवलेल्या असतात. शॉर्टकटवर क्लिक केलं की आधी व्हायरस चालतो आणि मग फोल्डरही उघडतो, म्हणून कोणाला शंका येत नाही. आधी पेनड्राइव्ह स्कॅन करा. मग फाइल एक्सप्लोररच्या 'व्ह्यू'मध्ये 'हिडन आयटम्स' चालू करा आणि 'फोल्डर ऑप्शन्स'मधली 'हाइड प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टिम फाइल्स'ची खूण काढा. बऱ्याचदा सगळा डेटा एका बिननावाच्या फोल्डरात सापडतो. तो कॉपी करून घ्या, शॉर्टकट पुसा, फॉरमॅट त्यानंतर. सी-डॅक या सरकारी संस्थेचं 'यूएसबी प्रतिरोध' हे साधन आणि सायबर स्वच्छता केंद्राची व्हायरस काढणारी साधनं फुकट मिळतात.

यातला कोणताही पर्याय घेतलात तरी क्रॅकवाल्या सॉफ्टवेअरपुढे तो हरतो, कारण 'आधी अँटीव्हायरस बंद करा' ही तिथली पहिलीच सूचना असते आणि माणूस ती स्वतःच्या हाताने पाळतो. म्हणून रोजच्या कामाला ॲडमिन नसलेलं स्टँडर्ड खातं ठेवा, आणि बॅकअपची बाहेरची डिस्क कॉपी संपताच काढून कपाटात टाका. लावून ठेवलेली डिस्क रॅन्समवेअर मूळ फायलींबरोबरच कुलूपबंद करतो. गूगल ड्राइव्हमध्ये बिघडलेली फाइलही सिंक होते. तिथे फायलीची जुनी आवृत्ती ३० दिवसांपर्यंत परत काढता येते, पण तेवढ्यात लक्षात यायला हवं.

सगळं बसवून झालं की अँटीव्हायरस तपासायची आयकार (EICAR) या संस्थेची चाचणी फाइल उतरवून बघा. ती ६८ अक्षरांची निरुपद्रवी फाइल आहे आणि प्रत्येक चांगल्या अँटीव्हायरसने तिला अडवायलाच हवं. ती निमूट सेव्ह झाली, तर पुन्हा 'एक्स्क्लूजन्स'च्या यादीपासून सुरुवात करा.