समजले नाही, त्यानंतर काय? एका बँकेच्या बोलत्या फोनसेवेचे परीक्षण

बँकेच्या ग्राहकसेवेला फोन लावायचा, ‘मराठीसाठी दोन दाबा’ ऐकायचे आणि मग एकामागून एक आकडे दाबत बसायचे, हे आता सर्वांच्या अंगवळणी पडले आहे. येथे ज्या खाजगी बँकेच्या सेवेविषयी लिहीत आहे तिने आकडे दाबण्याच्या जागी बोलणे आणले आहे. भाषा निवडली की यंत्र ‘आपल्याला कोणती मदत हवी आहे ते आपल्या शब्दांत सांगा’ असे म्हणते आणि ऐकू लागते. शिल्लक सांगणे, शेवटचे व्यवहार वाचून दाखवणे, चेकबुक मागवणे, कार्ड बंद करणे आणि आपण न केलेल्या व्यवहाराची तक्रार नोंदवणे एवढी कामे ती करते. बँकेचे नाव मुद्दाम देत नाही, कारण येथे नोंदवलेले गुणदोष कमीअधिक प्रमाणात अशा अनेक सेवांत आढळतात. सरळ प्रश्नाला सरळ उत्तर मिळाले तर ही सेवा झटपट चालते, आवाज स्पष्ट आहे, मराठीही बरीचशी नैसर्गिक आहे. परंतु फोनवरचा माणूस सरळ उत्तर देईलच असे नसते. म्हणून अपेक्षेबाहेरचे उत्तर आले की ही सेवा काय करते, तेवढेच या परीक्षणात पाहिले आहे.

ही अडचण बोलत्या यंत्रांइतकीच जुनी आहे. अमेरिकेतील एटी अँड टी कंपनीने १९९२ मध्ये ऑपरेटरमार्फत लागणाऱ्या कॉलसाठी आवाज ओळखणारी यंत्रणा देशभर सुरू केली तेव्हा तिला फक्त पाच पर्याय ओळखायचे होते. तरीही त्याआधीच्या चाचण्यांत असे दिसले होते की, सांगितलेला शब्द तेवढाच उच्चारून लोक थांबत नाहीत; त्याच्या मागेपुढे ‘मला जरा’, ‘कृपया’, ‘अमुक प्रकारचा कॉल लावायचा होता’ असे काहीबाही जोडतात. त्यामुळे बोलण्याच्या ओघातून नेमका शब्द वेचून काढण्याचे तंत्र त्या यंत्रणेत घालावे लागले. पुढे मार्च २००४ मध्ये वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम या वेबची प्रमाणे ठरवणाऱ्या संस्थेने व्हॉइसएक्सएमएल २.० ही फोनवरच्या यंत्राचे संवाद लिहिण्याची संगणकीय भाषा प्रमाण म्हणून जाहीर केली. तीत ‘नोइनपुट’ म्हणजे समोरून काहीच न बोलणे आणि ‘नोमॅच’ म्हणजे बोलणे ऐकू येऊनही ते ठरलेल्या उत्तरांत न बसणे, हे दोन प्रसंग वेगवेगळे मानले आहेत. शिवाय तोच प्रसंग कितव्यांदा घडला हे मोजून दर वेळी निराळे वाक्य बोलण्याची सोयही तीत आहे.

वीस वर्षांपूर्वी प्रमाणित झालेला हा भेद आपल्या या सेवेला मात्र माहीत नसावा असे वाटते. माणूस गप्प राहिला काय किंवा अगम्य काही बोलला काय, दोन्ही वेळा ‘माफ करा, मला समजले नाही’ हेच वाक्य येते. ज्याने तोंडच उघडलेले नाही त्याला आपले बोलणे समजले नाही असे सांगणे चमत्कारिक तर आहेच, पण त्याहून वाईट म्हणजे ते निरुपयोगी आहे. कार्डाचे शेवटचे चार आकडे विचारल्यावर गप्प झालेला माणूस बहुधा पाकीट शोधत असतो किंवा चष्मा. त्याला वेळ हवा असतो, माफी नको असते. ‘कार्ड जवळ नसेल तर घेऊन या, मी थांबते’ एवढे एक वाक्य घातले असते तर पुरले असते. गंमत अशी की, ‘थांबा हं जरा’ असे म्हटलेले या यंत्राला कार्ड बंद करण्याच्या भागात समजते, आणि ते खरोखर थांबते. चेकबुकाच्या भागात मात्र तेच शब्द त्याला परके होतात. दोन भाग दोन वेगळ्या माणसांनी लिहिले आणि एकमेकांचे पाहिले नाही, असा संशय येतो.

बोलणे खरोखरच न समजल्यावर जे घडते ते मात्र चांगले आहे, आणि त्याचे श्रेय दिलेच पाहिजे. पुष्कळ यंत्रे पहिलाच प्रश्न जसाच्या तसा, जणू समोरचा माणूस बहिरा आहे अशा थाटात, पुन्हा विचारतात. ही सेवा दुसऱ्या वेळी प्रश्न अरुंद करते: ‘उदाहरणार्थ, शिल्लक किंवा कार्ड बंद करा असे म्हणू शकता.’ तिसऱ्या वेळी ती बोलण्याचा हट्ट सोडते आणि आकडे दाबायला सांगते. ही माघार कमीपणाची मुळीच नाही. गुजरातमधील ग्रामीण भागात शेतकऱ्यांना बोलून आणि बटणे दाबून अशा दोन्ही पद्धतींनी फोनवरून माहिती मिळवायला देऊन केलेला एक तुलनात्मक अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला होता; त्यात बटणे दाबणाऱ्यांनी दिलेली कामे अधिक प्रमाणात पूर्ण केली होती. त्यानंतर आवाज ओळखण्याचे तंत्र खूप सुधारले असले तरी बसमध्ये, बाजारात किंवा शेजारी कोणी बसलेले असताना आकडे दाबणेच बरे वाटते. माझे म्हणणे एवढेच की, ही वाट तिसऱ्या अपयशापर्यंत लपवून ठेवण्याऐवजी दुसऱ्याच वेळी सांगावी.

या सेवेतील सर्वांत मोठा दोष ती न समजल्याची कबुली देते तेव्हा दिसत नाही. चुकीचे समजून ती पुढे जाते तेव्हा दिसतो. न केलेल्या व्यवहाराची तक्रार नोंदवताना यंत्र रक्कम विचारते. ‘साडेतीन हजार’ किंवा ‘बाराशे’ त्याला उत्तम समजते. ‘पावणेदोन हजार’ असे सांगितल्यावर मात्र त्याने ‘दोन हजार रुपये, बरोबर?’ असे विचारले. चूक होणे समजण्यासारखे आहे, आणि रक्कम वाचून दाखवून खात्री करून घेणे ही तर योग्यच पद्धत आहे. पुढचा प्रकार मात्र असमर्थनीय आहे. या प्रश्नाला कोणताही मराठी माणूस ‘नाही, पावणेदोन’ असेच उत्तर देईल. नुसते ‘नाही’ म्हणून कोणी थांबत नाही, कारण नकारापाठोपाठ दुरुस्ती देणे हीच बोलण्याची रीत आहे. यंत्राचे त्यावरचे उत्तर: ‘कृपया हो किंवा नाही असे सांगा.’ म्हणजे चूक यंत्राची, दुरुस्ती ग्राहकाने हातात आणून दिलेली, आणि तीच फेटाळून वर समजही ग्राहकालाच. तेथे फक्त होकार-नकार ऐकण्याऐवजी नकारासोबत आलेली रक्कमही ऐकण्याची तजवीज केली असती तर हा भाग या सेवेतला सर्वांत चांगला भाग ठरला असता.

अनपेक्षित म्हणवली जाणारी कितीतरी उत्तरे मुळात प्रश्नानेच ओढवून घेतलेली असतात. चेकबुक मागवताना यंत्र विचारते, ‘चेकबुक नोंदणीकृत पत्त्यावर पाठवायचे की शाखेतून घेणार?’ यावर घाईत असलेला माणूस ‘हो’ म्हणतो. तो मूर्ख नसतो; प्रश्नाचा पहिला अर्धा भाग ऐकून त्याने होकार दिलेला असतो, दुसरा अर्धा येईपर्यंत त्याचे उत्तर तयार झालेले असते. यंत्र त्या ‘हो’ला निरर्थक ठरवून तोच दुहेरी प्रश्न पुन्हा विचारते आणि पुन्हा ‘हो’च मिळवते. ‘चेकबुक आपल्या नोंदणीकृत पत्त्यावर पाठवू का?’ असा एकेरी प्रश्न विचारला असता तर तेच ‘हो’ अचूक उत्तर ठरले असते, आणि ‘नको, शाखेतून घेईन’ हेही सहज समजून घेता आले असते. लोकांनी कसे बोलावे हे शिकवण्यापेक्षा प्रश्न दुरुस्त करणे स्वस्त पडते.

तारखांच्या बाबतीत सेवेची समज अनपेक्षितपणे चांगली निघाली. ‘परवाचा व्यवहार’ म्हटल्यावर तिने तो होऊन गेलेला परवा आहे हे ओळखले आणि तारीख वाचूनही दाखवली. ‘शुक्रवारी रात्री, म्हणजे बारा वाजून गेले होते’ या उत्तरावर मात्र तिने काही न विचारता शुक्रवारची तारीख घेतली. रक्कम वाचून दाखवली जाते, ‘परवा’ वाचून दाखवले जाते, मग जेथे संदिग्धता सर्वाधिक आहे तेथेच खात्री का केली जात नाही, हे कळत नाही. कार्डाचे आकडे ‘डबल सेव्हन, चार, एक’ असे मराठी-इंग्रजी मिसळून सांगितले तरी ती बिनचूक घेते. आकड्यांच्या मध्ये दम घेतला तर मात्र ती अर्ध्यावर तोडते. बोलणे संपले असे मानण्यापूर्वी किती शांतता जाऊ द्यायची यासाठी व्हॉइसएक्सएमएलच्या प्रमाणात ०.३ ते १ सेकंद ही मर्यादा वाजवी म्हटली आहे. पण ती पूर्ण उत्तर मिळाल्यानंतरची आहे. चारपैकी दोनच आकडे आलेले असताना अधिक वेळ थांबता यावे यासाठी त्याच प्रमाणात निराळी तरतूद आहे, आणि येथे ती वापरलेली दिसत नाही.

यंत्राच्या बाजूनेही एक गोष्ट सांगितली पाहिजे. पारंपरिक फोनची वाहिनी साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढ्याच पट्ट्यातला आवाज पोहोचवते, आणि ‘स’, ‘श’ यांसारख्या व्यंजनांची बरीच ओळख त्या पट्ट्याच्याही वर असते. त्यामुळे नेमका कोणता शब्द म्हटला हे पुष्कळदा समोरच्या माणसालाही पुन्हा विचारावे लागते. शिवाय घर शांत नसते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत शेतमालाच्या बाजारभावाच्या फोनसेवेसाठी मराठी आवाज गोळा करण्यात आले तेव्हा ते महाराष्ट्रातल्या शेतकऱ्यांकडून, फोनवरूनच घेतले होते, आणि त्यामागचे कारण उघड आहे: ज्या गोंगाटातून ऐकायचे त्याच गोंगाटात शिकावे लागते. या बँकेचे यंत्र स्वयंपाकघराशी परिचित नसावे. यंत्र बोलत असताना ग्राहकाला मध्येच बोलता येते ही सोय चांगली आहे, पण कुकरची शिट्टी झाली तरी यंत्र दचकल्यासारखे गप्प होते आणि मग ‘माफ करा’ म्हणते. कोणत्याही आवाजाने थांबायचे की फक्त ओळखीचे उत्तर ऐकू आले तरच थांबायचे, असे दोन पर्याय असताना पहिला निवडल्याचा हा परिणाम आहे. ‘आई, कार्डाचा नंबर काय गं?’ असे शेजारी विचारलेलेही ते उत्तर समजते.

या सेवेच्या सुरुवातीच्या मोकळ्या प्रश्नामागे बहुधा नव्या प्रकारचे भाषा-प्रारूप, म्हणजे पुष्कळशा मजकुरावरून भाषा शिकलेली यंत्रणा, आहे, कारण तेथे ती कशालाही सहसा ‘समजले नाही’ म्हणत नाही. ‘अहो, माझे पैसे गेले’ या वाक्याला तिने शेवटचे पाच व्यवहार वाचून दाखवले. ठरलेल्या शब्दांवर चालणारी जुनी यंत्रणा येथे निदान अडली असती आणि पुन्हा विचारले असते. नवी यंत्रणा प्रत्येक वाक्याचा काही ना काही अर्थ लावते आणि गोड आवाजात भलत्याच वाटेला लागते. आपल्याला कितपत खात्री आहे हे यंत्राने स्वतःशी तपासावे आणि खात्री कमी असेल तर ‘आपण न केलेल्या व्यवहाराविषयी बोलत आहात का?’ असे विचारावे, ही शिस्त जुन्या यंत्रणांत होती, ती नव्यांत आणावीच लागेल.

पैसे गेल्याची तक्रार हा भाग सोडून देण्याजोगा नाही. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ रोजी काढलेल्या परिपत्रकात असे म्हटले होते की, चूक बँकेची नाही आणि ग्राहकाचीही नाही अशा अनधिकृत व्यवहाराची बँकेकडून कळल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत तक्रार केली तर ग्राहकावर तोशीस नाही. ग्राहकाच्या निष्काळजीपणाने पैसे गेले असतील तर तक्रार करीपर्यंतचे नुकसान त्याचे, त्यानंतरचे बँकेचे. त्याच परिपत्रकात तक्रार मिळताच तक्रार क्रमांकासह पोच देण्यास बँकांना सांगितले होते. म्हणजे फोनवरचे यंत्र जी दोन मिनिटे ‘हो किंवा नाही सांगा’ यात घालवते त्यांना पैशात मोजता येईल अशी किंमत आहे. अशा वेळी पहिल्याच अपयशानंतर माणसाकडे फोन वळवायला हवा. ही सेवा तो तिसऱ्यानंतर वळवते, आणि वळवल्यावर आतापर्यंत सांगितलेली रक्कम, तारीख, कार्डाचे आकडे यांपैकी काहीही त्या प्रतिनिधीच्या पडद्यावर नसते. सगळे पहिल्यापासून सांगावे लागते. प्रतिनिधी स्वतः सौजन्याने आणि चांगल्या मराठीत बोलतात.

शिल्लक, व्यवहारांची यादी आणि चेकबुक यांसाठी ही सेवा वापरायला हरकत नाही. आकडे दाबण्यापेक्षा ती वेगाने काम करते. कार्ड हरवले असेल तर पहिल्या प्रश्नाला प्रसंग न सांगता ‘कार्ड बंद करा’ एवढेच म्हणावे, ते तिला दर वेळी समजते. पैसे गेल्याची तक्रार असेल तर ‘माणसाशी बोलायचे आहे’ असे सुरुवातीलाच सांगावे. हा पर्याय यंत्र आपण होऊन कोठेच सांगत नाही, पण म्हटले की मान्य करते. तक्रार क्रमांकाचा एसएमएस आल्याशिवाय फोन ठेवू नये, आणि तो आला की त्यातली रक्कम एकदा वाचून पाहावी, विशेषतः ती पावणे किंवा सव्वा असेल तर.