जुनी ट्यूबलाइट काढताय? एलईडी ट्यूब, बॅटन की दोन बल्ब

आधी जुन्या ट्यूबचा हिशेब. चार फुटी, ३६ वॅटची ट्यूब. तांब्याचा चोक वर १० वॅट तरी खातो, म्हणजे मीटरवर ४६-४७. रोज सहा तास जळली तर महिन्याला साडेआठ युनिट. २० वॅटच्या एलईडीला तेवढ्याच वापरात ३.६ युनिट लागतात.

वॅट हा विजेचा खर्च, उजेड मोजायचा तो ल्युमेनमध्ये. नव्या साध्या ट्यूबचा उजेड साधारण २,४५० ल्युमेन, २० वॅटच्या बॅटनचा (पट्टीसकट येणारा एलईडी दिवा) २,००० च्या आसपास. तरी बॅटन कमी पडत नाही, कारण ट्यूबचा बराच उजेड छताकडे आणि पट्टीमागे जातो, बॅटन तो खाली टाकते. छत मात्र जरा काळपट दिसतं. भिंती गडद असतील किंवा छत उंच असेल तर खोक्यावर २,४०० ल्युमेन लिहिलेलीच घ्या.

एलईडी ट्यूब जुन्या पट्टीतच बसते, भिंतीला ड्रिल मारावं लागत नाही. पण गोंधळ इथेच होतो. काही ट्यूबना फेज आणि न्यूट्रल एकाच टोकाच्या दोन पिनांवर लागतात, काहींना एका टोकाला फेज आणि दुसऱ्याला न्यूट्रल. खोक्यावरचं वायरिंगचं चित्र पाहूनच जोडा. मेन बंद, मग स्टार्टर काढा, चोक बायपास करा, म्हणजे त्याला वगळून वायर थेट जोडा. चोक ठेवूनही चालणाऱ्या ट्यूब मिळतात, पण तो थोडी वीज खातच राहतो. एका टोकाच्या ट्यूबमध्ये दुसऱ्या टोकाच्या पिना आतून जोडलेल्या असू शकतात. उलटी लावली तर थेट शॉर्ट. म्हणून पट्टीवर मार्करने ‘सप्लाय इकडे’ असं लिहून ठेवा, पुढच्या वायरमनसाठी. होल्डर पिवळे पडून ठिसूळ झाले असतील तर हा पर्याय सोडा: संपर्क सैल राहतो, ठिणग्या पडतात, ट्यूब लुकलुकते, आणि दोष ट्यूबला जातो.

बॅटन म्हणजे पट्टी, ड्रायव्हर (एलईडीला हवी तशी वीज देणारं सर्किट) आणि दिवे एकत्र. दोन क्लिपा, दोन स्क्रू, दोन वायरी, झालं. जुनी भोकं बहुधा जुळत नाहीत. ड्रायव्हर गेला की सहसा अख्खी बॅटन बदलावी लागते, त्यामुळे वॉरंटीचं बिल जपा. व्होल्टेजचे अचानक झटके येणाऱ्या गावात सर्ज प्रोटेक्शन (अशा झटक्यांपासून संरक्षण) ४ केव्हीचं पाहा, २.५ केव्हीचं नको. स्वतःच्या घरात आमचं मत बॅटनलाच.

दोन ९ वॅटचे बल्ब मिळून सुमारे १,८०० ल्युमेन देतात. भाड्याच्या घरात हेच सोयीचं: एक गेला तरी अंधार होत नाही, आणि जाताना काढून नेता येतात. तोटा असा की उजेड दोन ठिपक्यांतून येतो, डोळ्यांत खुपतो आणि सावल्या पडतात. बंद काचेच्या गोळ्यात लावू नका. उष्णता कोंडून आतला कपॅसिटर लवकर मरतो. आपल्याकडचा नेहमीचा होल्डर दोन खिळ्यांचा, म्हणजे बी२२. झुंबरात मात्र अनेकदा आट्यांचा ई२७ असतो, आधी बघून जा.

सीएफएल आता नव्याने घेऊ नका. त्यात पारा असतो. फुटली तर खिडक्या उघडा, पंखा बंद करा आणि काचा झाडूने नको, पुठ्ठ्याने गोळा करा.

रंग केल्विनमध्ये लिहिलेला असतो: ३,००० पिवळसर, ४,००० मधला, ६,५०० निळसर पांढरा. झोपायच्या खोलीत ६,५०० घेऊन पस्तावणारे बरेच. स्वयंपाकघरात आणि आरशाजवळ सीआरआय ९० चा दिवा घ्या (दिव्यात रंग किती खरे दिसतात त्याचा हा आकडा, जास्तीत जास्त १००). ८० च्या दिव्यात टोमॅटोचा लाल रंग फिका दिसतो.

बसवल्यावर बटण बंद करूनही दिवा मंद पेटत राहिला तर दिवा परत करायला धावू नका. बटणात इंडिकेटर आहे का ते पाहा. असेल तर त्यातून झिरपणाऱ्या थोड्या विजेवर दिवा मंद पेटतो. नसेल तर बहुधा बटणावर फेजऐवजी न्यूट्रल आलेली असते, म्हणजे बटण बंद असतानाही होल्डरमध्ये फेज जिवंत. हे वायरमनकडून आधी दुरुस्त करून घ्या, मगच त्या होल्डरला हात लावा.